देखरेखीची जागा

(कल्याण, १८८९. कन्याशाळेच्या चिटणिसांची ओसरी. परस्त्रीशी समोरासमोर बोलायचं नाही म्हणून मास्तरीणबाई सुमती दाराआड उभ्या आहेत. मध्ये त्यांचे पती गुरुदत्तपंत.)

त्र्यंबकराव : पंधरा? गुरुदत्तपंत, तुमच्या कुटुंबाला विचारा, बाईमाणसाला पंधरा रुपये पगार लागतो कशाला?

गुरुदत्त : अगं, चिटणीस विचारताहेत...

सुमती : ऐकू येतं मला. मुलांच्या शाळेतल्या मास्तरांना पंधरा कशाला लागतात, ते विचारा.

गुरुदत्त : ती म्हणते, आपण थोर आहात, विचार व्हावा.

सुमती : असं मी म्हटलेलं नाही.

त्र्यंबकराव : त्यांना सांगा, मास्तरांना संसार आहे.

सुमती : आणि आमचा कोण चालवतं, तेही सांगून टाका.

गुरुदत्त : ते राहू दे.

त्र्यंबकराव : राहू दे कसं? हल्ली काय करता आपण?

गुरुदत्त : प्रयत्न चालू आहेत, रावसाहेब.

त्र्यंबकराव : चार वर्षं हेच ऐकतोय. शेजारच्या म्हशीनंसुद्धा एव्हाना काहीतरी केलं असतं.

गुरुदत्त : हें हें.

सुमती : हसू नका हो! त्यांना म्हणावं, धाकट्या बहिणीला आणायचंय. नवरा गेल्यापासून पनवेलला सासरी नुसती राबते आहे. तिला शिकवून मास्तरीण करायचीय. सध्याच्या आठ रुपयांत तिसरं ताट मांडता येत नाही.

त्र्यंबकराव : वा! म्हणजे पुढच्या वर्षी तीही दाराआडून पंधरा मागणार. नाही जमायचं. बाईला मास्तराएवढा पगार दिला, तर गाव माझ्या तोंडावर हसेल.

गुरुदत्त : खरं आहे, खरं आहे.

सुमती : तुम्ही कोणाच्या बाजूनं आलात?

त्र्यंबकराव : तुमच्याकडे बघून एक करतो, पंत. शाळेवर देखरेखीला पुरुष हवाच आहे. सात रुपये. तुम्ही व्हा.

गुरुदत्त : मी? काम काय असेल?

त्र्यंबकराव : कुटुंबाबरोबर यायचं, खुर्चीवर बसायचं, हजेरीवर सही करायची. सही येते ना? घरात पंधरा झाले, आमची अब्रूही राहिली. त्यांना विचारून घ्या.

गुरुदत्त : तिला काय विचारायचं? नेमणूक माझी आहे. आपली कृपा, रावसाहेब!

सुमती : मग बहिणीला कधी आणायचं?

गुरुदत्त : बघू. माझ्या पगारातून परक्या घरची बाई पोसायची म्हणजे... मला विचार करावा लागेल.

सुमती : रावसाहेब, ऐका.

त्र्यंबकराव : अहो पंत, या माझ्याशी बोलताहेत!

सुमती : मध्ये बोलायला माणूस होता, तो आता तुमच्या पगारावर गेला. ठाण्याच्या शाळेचं बोलावणं आहे, पंधरावर. इथल्या मुली सोडवत नव्हत्या, म्हणून तुमच्या दाराशी उभी राहिले. आता लाज वाटते त्याची. महिनाअखेर मी जाते. जाताना पनवेलहून बहिणीला घेऊन जाईन.

त्र्यंबकराव : आणि इथं शिकवणार कोण?

सुमती : ते देखरेख करणारे बघतील.

गुरुदत्त : अगं, काहीतरीच काय! ठाण्याला बिऱ्हाड करायचं म्हणजे... आणि मी?

सुमती : तुम्हाला इथं नोकरी लागली ना.