मान हलवू नकोस

ओक्लाहोमातल्या रोडिओत उधळत्या बैलावर टिकून बसण्याचा खेळ खेळणाऱ्या डेलवर छोटा माहितीपट निघत होता. माइक त्याच्या कॉलरला होता आणि मैदानाबाहेर गाडीत बसून ध्वनिमुद्रण करणारी नोरीन हेडफोनवर ऐकत होती. फाटकामागच्या अरुंद पिंजऱ्यात डेल बैलावर बसला होता आणि वडील कठड्यावरून बैलाचा दोर त्याच्या मुठीवर आवळत होते; दोघांनाही तिचा विसरच पडला होता.

"दोर आवळा ना बाबा, जोर संपला का?"

"आधी सांग, काल आपटलास ते डोकं दुखतंय अजून?"

"छे!"

"समोर कॅमेरावाल्या बाई किती दिसतात?"

"हा काय खेळ लावलाय?"

"किती, डेल?"

"दोन. पण डावीकडची खरी, कळतं मला."

"उतर खाली."

"लोक बघतायत, बाबा. तुम्ही उतरला होता कधी?"

"नाही ना! म्हणून तर परवा तुझ्या आईला विचारलं, बाई, तुम्ही कोण?"

"आवळताय, की दुसऱ्या कुणाला बोलावू?"

"दुसऱ्याच्या हाती नको. मीच आवळतो. पण मान हलवू नकोस, लेका. तू मान हलवल्याशिवाय फाटक उघडत नाहीत ते. ऐकतोयस ना? डेल?"

नोरीनने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. बैलाचा श्वास ऐकू आला.

मग फाटकाची कडी वाजली.