सदर इसम राहत्या घरी

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा, मी सकाळी किती वाजता परसाकडं गेलो हे सरकारला कशाला पायजे? काय करणार त्याचं? मंत्रालयात टांगणार? अन् माझी गीताबाई मलाच समजावती, "येऊ द्या, बघू द्या, आपल्याजवळ लपवायला हायच काय?"

तुमाला सांगतो, केलं काय होतं मी? दरोडा घातला? चौथीचा मास्तर मी, जिल्हा परिषदेचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून आमच्या वस्तीनं अर्ज केला, त्यो मी लिहिला. मीच का? तर अक्षर! मोत्यावानी अक्षर हाय माझं, लग्नाच्या पत्रिकेपासून मयताच्या चिठ्ठीपर्यंत सगळी पंचक्रोशी माझ्याकडंच येती. झालं, अर्ज गेला, नामांतर ऱ्हायलं बाजूला अन् माझं नाव तेवढं यादीत चढलं.

अन् दर गुरवारी, बाजाराच्या दिवशी, परभणीच्या एस्टीतून उतरायला लागला मुंजाजी. साध्या कपड्यातला पोलीस! वर बुशशर्ट, पायात सरकारी बूट. गुप्त म्हणे! शाळेतले पोरं खिडकीतून सांगायचे, गुर्जी, तुमचा गुप्त पोलीस आला. समोरच्या हाटेलात बसायचा, माझ्या दाराकडं तोंड करून. अठ्ठ्याहत्तरला आमच्या वस्तीतल्या कडब्याच्या गंजी पेटवल्या, पाच घरं गेली, तवा पोलीस आले तिसऱ्या दिवशी, अन् कुणी पेटवलं ते कुणालाच दिसलं न्हाई. आता मी शिंकलो तरी दिसायलंय!

टपालाचं तर इचारूच नका. पाकीट यायचं ते भाताच्या शितानं चिकटवलेलं. एकदा मुंजाजीच मला म्हणतो, मास्तर, पेढे कवा? मेव्हण्याला मुलगी झाली की तुमच्या. मला पत्ताच न्हाई! पत्र आलं चार दिवसांनी. गीताबाई खूश, बघा म्हणे, तारेच्या आधी कळलं. म्हणलं अगं बये, माझ्या घरातली बातमी मला पोलिसानं सांगायची? तर तिचं आपलं तेच... लपवायला हायच काय?

मन मोठं बघा तिचं, वैशाखात तो उन्हात तळायलाय म्हणून तिनं ओसरीवर बोलावलं त्याला. आला. बसला. पण पाणी? पाणी हाटेलातून मागवलं पठ्ठ्यानं! आमचं पत्र फोडून वाचायला चालतं, आमच्या तांब्यातलं पाणी चालत न्हाई. राग आला, लय आला. गिळला. पोरगी बारावीला होती, म्हणलं उगी कशाला...

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, कर्म माझं! एका गुरवारी मुंजाजी रडकुंडीला आलेला. सायबानं म्हणे चारचौघांत त्याचा अहवाल तोंडावर फेकला, अक्षर लागत न्हाई म्हणून. कागद माझ्यापुढं सरकवला अन् म्हणला, "मास्तर, तुमच्यावरचा तेवढा तुमीच लिहून द्या. तुमी काय खोटं लिहिणार हाव का?"

अन् मी लिहिला! हसा, हसा. मास्तरापुढं कोरा कागद ठेवला की हात शिवशिवतोच. अन् म्हणलं, ह्यानं कायबाय खरडण्यापरीस आपणच खरं लिहिलेलं बरं, आपल्याजवळ लपवायला हायच काय? समास सोडला, तारीख टाकली. "सदर इसम पहाटे साडेपाच वाजता उठला." आठवड्याचं सगळं आलं त्यात, कोण आलं, कोण गेलं, भाजी कशाची. मुद्दा तिसरा, "नामांतर झालेच पाहिजे असे सदर इसम उघडपणे म्हणतो." म्हणतोच की! चोरून म्हणतो का काय? गीताबाई डोकावून बघती अन् फणकारती, मी म्हायेरी असताना दोन ओळी धाडल्या न्हाईत कधी, अन् सरकारला चार पानं! चार वर्षं लिहिलं, तुमाला सांगतो. एक खाडा न्हाई.

मग विशाखा, पोरगी माझी, बी.कॉम. झाली, वस्तीतली पहिली. येलदरीला धरणावर कारकुनाची नेमणूक निघाली. जेवणाचा डबासुद्धा घेऊन ठेवला तिनं... अन् कागद आला, पोलीस पडताळणीत प्रतिकूल, नेमणूक रद्द.

गेलो परभणीला. सायेब लय सभ्य, खुर्ची दिली. म्हणला, धरणाचं ठिकाण आहे मास्तर, सुरक्षेचा प्रश्न, अन् वडील चळवळीतले असा अहवाल आहे. मी म्हणलं, आकसानं लिहिला असंल कुणीतरी. त्यानं फाईल उघडली अन् माझ्याकडं फिरवली. चार वर्षांचे गुरवार! सगळे माझ्या अक्षरात. मी मास्तर माणूस, खोटं कसं बोलू? म्हणलं, माझंच हाय.

"मग वाद कशाचा?" म्हणला. "पोलिसाचा अहवाल एक वेळ खोटा म्हणता येतो. हा तर तुमचा जबाब आहे."

अन् निघताना काय सांगावं, असा नेटका अहवाल अख्ख्या जिल्ह्यात न्हाई म्हणे, नव्या भरतीला नमुना म्हणून दाखवतो! मुंजाजीला त्याच्यावर बढती. हवालदार झाला.

घरी येऊन सांगितलं. विशाखा उठून चुलीपुढं जाऊन बसली. गीताबाईकडं मी बघत ऱ्हायलो, म्हणलं आता म्हणती, लपवायला हायच काय. तवा म्हणली न्हाई. त्या दिवसापास्नं म्हणली न्हाई. मला लाज वाटायली, पोरीच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

अन् परवाच्या गुरवारी नवा आला. साधे कपडे, तसलेच बूट. ओसरीच्या कडेला उभा ऱ्हाऊन म्हणतो, मुंजाजी हवालदारानं सांगितलंय, मास्तर लिहून देत्यात. तुमाला सांगतो, हाकलायलाच उठलो होतो मी! पण मग म्हणलं, ह्यो काय लिहील अन् कसं लिहील... मागं धाकटी हाय अजून, दहावीला... आण बाबा कागद. समास सोडला, तारीख टाकली अन् लिहिलं, "सदर इसमाची थोरली मुलगी बी.कॉम. असून हल्ली घरीच असते."