लाकडी मुठीचा पेचकस

…नाही नाही, तिथं हात लावू नका, तेल आहे — पांढरा शर्ट घालून जुन्या गाड्या बघायला येता, कमाल आहे साहेब तुमची — त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे. रोपवाटिकेत कुंड्या ओढायला एटीव्ही, ही चार चाकांची फटफटी, पाहिजे ना? मग बघा की, चारी टायर धडके, हँडल सरळ, सीट नवी. फक्त क्रँकशाफ्ट गेलाय. 'फक्त' म्हणतोय बरं का! म्हणजे माणूस धडधाकट, फक्त कणा मोडलाय. अख्खं इंजिन खोलावं तेव्हा कुठं तो हातात येतो. हा बघा, ट्रेमध्ये. ही जागा निळी पडलेली दिसते? तेलाविना जळाली. आणि हा रॉड बोटाने हलवा — टक, टक. चालू इंजिनात हाच आवाज हातोड्यासारखा येतो. मी लपवत नाही काही. लपवणारे वेगळे. लपवणारा माझ्याच घरात निपजला.

कुणाकडून घेतली? तेच तर सांगतोय. सख्ख्या थोरल्या भावाकडून! अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आधी एकाच गॅरेजात होतो दोघं — तो इंजिन खोलायचा, मी गिऱ्हाईक पटवायचो. एकदा भर गिऱ्हाइकांत मला म्हणाला, 'तुला इंजिनाचा कान नाही, तू नुसत्या गप्पा हाण.' त्याच दिवशी उठलो आणि हे दुकान थाटलं. शाळा सातवी, पण ह्या गाडीआधी खराब इंजिन एकदाही गळ्यात पडलं नाही — कशामुळं? ह्याच्यामुळं. हा लाकडी मुठीचा पेचकस. टोक इंजिनावर टेकायचं, मूठ कानाला लावायची आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत जागचं हलायचं नाही. थंड असताना तेल घट्ट असतं, सगळं पोटात ठेवतं. तापलं की बोलायला लागतं. एक डॉक्टर हसला होता मला — म्हटलं, तुम्ही छातीला नळी लावता तेव्हा मी हसतो का? त्याच्याच गाडीचं दुखणं सांगितलं, तेव्हापासून गाडी माझ्याकडंच आणतो. आणि ही विद्या दिली कुणी? थोरल्यानेच! ज्याने पोहायला शिकवलं त्यानेच बुडवलं, आता बोला.

मागच्या महिन्यात कळलं, तो धंदा आवरतोय, सामान विकतोय. का आवरतोय — मी कशाला विचारू? बायको म्हणाली, गाडीचं निमित्त करून जाऊन तरी या. गेलो. पेचकस खिशात होताच, सवय. पण अकरा वर्षांनी भावाच्या दारात जायचं आणि जातो न जातो तोच पेचकस काढायचा? बरं दिसतं का ते? नाही काढला. तर त्यानेच माझ्या खिशातून उपसला! गाडी चालू केली, सायलेन्सर फुटका, कानठळ्या बसत होत्या — आणि खरं सांगू का, माझं लक्ष गाडीकडं नव्हतंच, त्याच्या पिकलेल्या डोक्याकडं होतं. तो वाकला, एका कानाला मूठ लावली, मग दुसऱ्या कानाला, परत पहिल्या — पाच मिनिटं हे नाटक! — आणि मान वर करून म्हणतो, 'लोण्यासारखं चाललंय.' लोण्यासारखं! गल्लीच्या टोकावरून टकटक ओळखणारा माणूस हा! मी विचारलं, 'दादा, क्रँकचं काम कधी केलं होतं?' तर म्हणतो, 'हो हो, सीट मीच शिवून घेतली.' विषय कसा फिरवला बघा. पक्का बेरकी! कुठलाही प्रश्न विचारा — आधी माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचं, मग भलतंच काहीतरी सांगायचं. आणि वहिनी तर नुसत्या किंचाळत होत्या, चहा घेणार का हेसुद्धा ओरडून! म्हटलं, यांचा राग अजून गेला नाही. निघताना फाटकापर्यंत आल्या, काहीतरी सांगणार होत्या, मी थांबलोच नाही. तिसऱ्या दिवशी चढावर टकटक सुरू झाली आणि गाडी जागच्या जागी मेली.

काल परत गेलो. आत नाही, फाटकातूनच. काय काय बोललो ते सांगत नाही, तुम्ही पहिल्यांदाच आलाय — शेजारीपाजारी बाहेर आले, एवढं पुरे. चोर म्हटलं त्याला. भावाचा गळा कापणारा म्हटलं. वहिनी घरी नव्हत्या. आणि हा पायरीवर बसून हसतोय! मी चोर म्हणतोय आणि हा मान डोलावतोय, हात हलवतोय — 'आत ये की, उन्हात का उभा?' इतका कोडगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या दारात थुंकलो साहेब, आणि आलो. आता ही गाडी मला डोळ्यांपुढं नको. शाफ्ट बदला, काहीही करा, पण आजच्या आज उचला, तुम्ही म्हणाल तो भाव —

काय? काय म्हणालात?

छे हो. त्याला ऐकू येत नाही? अहो, त्याच्यासारखा कान साऱ्या गावात — नाही, तुम्ही ओळखत नाही त्याला. दोन्ही कानांना लावला म्हणून काय झालं, लावतो की माणूस. लावतो का? मी नाही लावत. मी आपला उजव्याच…

तोंडाकडं बघत होता. ओठांकडं.

तो ट्रे ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना! नाही विकायची गाडी. भाव नाही, काही नाही. पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिकडं बघा. मला शटर ओढायचंय. तो पेचकस द्या इकडं — नको, राहू दे तिथंच. उठा साहेब, उठा. 'उन्हात का उभा' म्हणाला हो तो मला…

निघा तुम्ही.