फॉर्मवरचं बाळ

ती : ...नाही काका, ऐकून घ्या. मी पाणी तपासणीच्या लॅबमधून बोलतेय. तुमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट आलंय. फॉर्मवर घरात तान्हं बाळ लिहिलंय, त्याचं दूध त्या पाण्यात कालवू नका.

ते : रिपोर्ट तर आठ दिवसांनी येतो ना?

ती : येतो. सही व्हायला तेवढे लागतात. पण तोवर बाळ काय उपाशी राहणार आहे? आणि उकळून चालेल असं समजू नका. उकळलं की ते जात नाही, उलट वाढतं.

ते : यंत्राची चूक नसेल कशावरून?

ती : तीनदा लावलं. नुसतं शुद्ध पाणी लावलं तेव्हा काही आलं नाही, प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण लावलं तर आकडा बरोबर आला. खोट तुमच्या पाण्यातच आहे. जरा बाळाच्या आईला देता का फोन?

ते : ती... आत आहे.

ती : मग हाक मारा ना. थांबते मी.

ते : तुम्हाला असा फोन करायची परवानगी आहे?

ती : नाही. एकदा ताकीद मिळालीय. दुसरी मिळाली तर नोकरीत कायम होणार नाही. तुम्ही कुठे बोलू नका म्हणजे झालं. बरं, असं करते, पत्ता आहे फॉर्मवर. सुटल्यावर चांगल्या पाण्याचा कॅन घेऊन येते.

ते : येऊ नका. बाळ नाहीये.

ती : नाहीये म्हणजे? काका, काय झालं बाळाला?

ते : काही झालं नाही. नव्हतंच कधी. मी तुमच्याच लॅबच्या वरच्या मजल्यावरचा... म्हणजे गुणवत्ता विभागातला. तुमची परीक्षा घ्यायला नमुना मीच तयार करून पाठवला. लिटरला एकशे दहा मिलिग्राम नायट्रेट घातलं होतं.

ती : मला एकशे आठ आलं.

ते : उत्तम आहे.



ती : सर, मी केवढी घाबरले होते. बाळ कशाला लिहायचं?

ते : घरातल्या माणसांचा रकाना रिकामा ठेवला की नमुना खोटा आहे हे ओळखू येतं. म्हणून घरात माणसं लिहितो. कधी म्हातारी आई, कधी जुळी मुलं. बारा वर्षांत चाळीसेक संसार मांडले असतील फॉर्मवर.

ती : आणि फोन नंबर?

ते : घरचाच देतो. आज रजेवर आहे म्हणून सापडलो. आजवर कुणी केला नव्हता.

ती : आता हा फोन माझ्या नावावर लिहाल.

ते : लिहावं लागेल. आकडा बरोबर, हेही लिहीन.

ती : लिहा. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. पण खरंच घर असतं तर मी काय करायला हवं होतं, तेही खाली लिहा. मला नाही सुचलं.

ते : नियमात त्यावर काहीच नाही.

ती : मग?

ते : मग तेच लिहितो. धोक्याचा आकडा आला तर त्याच दिवशी घरी कळवावं, आठ दिवसांचा नियम बदलावा. नमुना पाठवणारा म्हणून माझी सही, तपासणारी म्हणून तुमची. उद्या वर या.

ती : त्यानं माझी नोकरी वाचेल?

ते : माहीत नाही. खोटा धीर देत नाही. पण ताकीद आली तर ती दोघांच्या नावानं येईल.

ती : तुम्हाला कशाला त्रास, सर? रिटायर व्हायला आलात म्हणतात.

ते : तुम्ही न बघितलेल्या बाळासाठी घाबरलात. मी तर त्या चाळीस घरांतल्या कुणासाठी तेवढंही कधी...

ती : घरी कोण असतं तुमच्या?

ते : मीच.

ती : बरं. येते उद्या वर. ठेवू फोन?

ते : तुम्हाला घाई आहे का?