मशीन रिकामी करायची रीत

नाही गं, एवढं अवघड नाहीये, तू उगाच घाबरतेस – हे बघ, मशीन म्हणजे आपले सर्व्हर, ते पुष्कळ, आणि कंटेनर म्हणजे आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे प्रोग्रॅम. कोणी कुठल्या मशीनवर बसायचं ते शेड्युलर ठरवतो. तयार मिळतो, हो – पण आमचा तयारवाला असा, की एका मशीनचा जीव जायचा आणि दुसरी माशा मारत बसायची. म्हणून मी ही छोटी स्क्रिप्ट लिहिली. काय करते? ताटकळलेला कंटेनर दिसला की जिच्यावर भार कमी, तिच्यावर त्याला बसवते. बास. भाऊजींना फार आवडली – भाऊजी म्हणजे आपले साहेब गं, माझ्या ताईचे यजमान. काय, माहीत नव्हतं? ऑफिसात आम्ही बोलत नाही. पण त्यांना इथे आणलं कोणी? मीच. माझ्या शब्दावर.

तर तेच म्हणाले, एक भर घाल – मशीन काढायची असली तर गाजावाजा न करता रिकामी करता आली पाहिजे. घातली. आधी नवं काम देणं बंद, मग जुनं एकेक उचलून दुसरीकडे, मग बंद करायची. कोणाला पत्ता लागत नाही... आणि मी मूर्ख! आई आजारी पडली, मला नवं काम येईना, तर मी ताईला फोन करून काय म्हणाले? भाऊजी किती जपतात गं मला! ती नुसती ‘हं’ म्हणाली. मग माझं बिलिंग तुझ्याकडे, बॅकअप तुझ्याकडे – तुझ्यावर राग नाही, तू काय करणार – आणि आज सकाळी कामावरून काढल्याचं पत्र. माझीच स्क्रिप्ट माझ्यावर चालवली की! घरच्या माणसाने केसाने गळा कापला. आणि ताईचं ते ‘हं’... तिला माहीत होतं. माहीतच होतं.

रडत नाहीये मी. स्क्रीनकडे बघ. ही ओळ दिसली? बंद करण्याआधी स्क्रिप्ट मशीनला विचारते – तुझ्यावर हलवता न येण्यासारखं काही आहे का? असलं तर थांबते. भाऊजी म्हणाले होते, काढ ती, उगाच वेळ जातो. मी नाही काढली. मशीनला विचारते गं मी, मशीनला! मला विचारलं असतं तर सांगितलं असतं – आई आहे. दोघींची आई, पण राहते माझ्याकडे. तिला कुठे हलवू?

कोणाचा फोन वाजतोय? माझाच... ताई. नाही, उचलू नकोस, वाजू दे. झालं तुझं शिकून, ऊठ. आणि जाताना दार ओढून घे.