पुलापलीकडचा परवाना

डार्लीन : वेंडेल, तू थांबलाच नाहीस!

वेंडेल : कुठे?

डार्लीन : कुठे काय! पुलाच्या अलीकडे, स्टॉल्झच्या बंदुकीच्या दुकानात. आपलं सगळं ईस्टन गाव तिथे पिस्तूल कप्प्यात ठेवतं, किल्ली खिशात टाकतं आणि मग पूल चढतं. आपण न्यू जर्सीत आलोसुद्धा.

वेंडेल : लग्नाच्या गडबडीत राहून गेलं.

डार्लीन : शेगडी बंद केली की नाही हे तीनदा बघणारा माणूस तू, आणि म्हणे राहून गेलं. कोट उघड.

वेंडेल : गाडी चालवतोय ना मी.

डार्लीन : उघड म्हणते ना! ...अरे देवा. कमरेला लावून आलायस. माझ्या पोरीच्या लग्नाला!

वेंडेल : आपल्या पोरीच्या.

डार्लीन : बरं बाबा, आपल्या. आता गाडी वळव.

वेंडेल : उशीर होईल. आणि माझ्याकडे परवाना आहे.

डार्लीन : पेनसिल्वेनियाचा! तो पुलाच्या मधोमध संपला.

वेंडेल : युटाचाही आहे. फ्लोरिडाचाही आहे.

डार्लीन : मग तिकडे जाऊन मिरव. बाकीची राज्यं एकमेकांचे परवाने मानतात, न्यू जर्सी कुणालाच भीक घालत नाही, हे मला कुणी शिकवलं? तूच ना? भिंतीवर तो नकाशा लावून, टाचण्या टोचून! इथे धरलं तर थेट तुरुंग, वेंडेल. आणि थोडाथोडका नाही, वर्षानुवर्षं.

वेंडेल : आणि गसला नाही धरत.

डार्लीन : हं. आता कळलं कुठे दुखतंय ते.

वेंडेल : दुखतंय कसलं? आहे ते बोलतो. तुझा पहिला नवरा पोलिसातून निवृत्त झाला, आता वर्षातून एकदा नेम धरून दाखवायचा की झालं. पन्नासच्या पन्नास राज्यं त्याला मोकळी. माजी पोलिसांसाठी कायदाच आहे तसा. मी मात्र अर्ज करतोय, बोटांचे ठसे देतोय, एकेक राज्य भिकाऱ्यासारखं जमवतोय. अलास्कात अस्वलांपुढे पिस्तूल लावून हिंडू शकतो मी, पण घरापासून नदीपलीकडे नाही!

डार्लीन : पण लग्नात गोळी घालायचीय कुणाला?

वेंडेल : कुणालाच नाही गं. पण आज चर्चमध्ये बाप म्हणून तिचा हात धरून तो चालणार आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवणार. सायकल मी शिकवली. कांजिण्या आल्या तेव्हा अंगाला लेप मी लावला. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, तेही मी दोनदा बघितलं. तेव्हा हा कुठे होता? हमरस्त्यावर लोकांना दंड करत. आणि आज बघ, आयत्या बिळावर नागोबा! त्याच्या कोटाखाली पिस्तूल असणार आणि माझी कंबर रिकामी? तेवढी तरी बरोबरी नको?

डार्लीन : म्हणजे विसरला नव्हतास.

वेंडेल : ...नाही.

डार्लीन : अक्कल काय गहाण टाकलीस?

वेंडेल : तुला त्याचा पुळका येणारच. नाताळात त्याच्या विनोदावर केवढी हसलीस.

डार्लीन : विनोद तुझ्यावर होता, म्हणून हसले. बघ, आलं चर्च. आता काय करणार आहेस?

वेंडेल : तो बघ, पायऱ्यांवर उभा. केसही शाबूत आहेत मेल्याचे.

डार्लीन : गप्प बस, इकडेच येतोय.

गस : या, या. डार्लीन, आत रोझॅन तुला शोधतेय, नवरीच्या झग्याचे हूक लागत नाहीयेत तिला. वेंडेल, उतर की.

वेंडेल : जरा बसतो.

गस : एवढ्या उकाड्यात कोटाची सगळी बटणं लावून? आणि उजवा कोपर असा बरगडीला चिकटवून? मित्रा, जन्मभर मी दुसरं काय बघितलं?

डार्लीन : मी कानीकपाळी ओरडले याच्या.

वेंडेल : घाला बेड्या, फौजदारसाहेब. राज्य तुमचंच आहे.

गस : हळू बोल. कोपऱ्यावर आमच्याच ठाण्याची गाडी उभी आहे, लग्नाची वाहतूक बघायला.

वेंडेल : मग तू ठेव ना तुझ्याकडे. तुला सगळं माफ आहे.

गस : मला माझं पिस्तूल माफ आहे, तुझं नाही. मी हात लावला तर दोघं आत. गाडीत ठेवून उतरलास तरी सुटका नाही. पुलापलीकडे नेऊन ठेवायचं, दुसरा इलाज नाही.

वेंडेल : ठीक आहे. मी घरीच जातो. तुमचं तुम्ही उरका. तेवढीच फोटोत गर्दी कमी.

डार्लीन : वेंडेल! आज पोरीला टाकून गेलास ना, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही मी!

वेंडेल : तिला बाप आहे की. चांगला पन्नास राज्यांचा.

गस : डार्लीन, तू उतर. मी बसतो याच्या शेजारी.

डार्लीन : तू? आणि वाटेत धरलं तर?

गस : मग माझंही पेन्शन गेलं. जा तू, तिचे हूक लाव. सांग, आम्ही दोघं आलोच.

(डार्लीन उतरते. तिच्या जागी गस बसतो. गाडी पुन्हा पुलाच्या दिशेने निघते.)

वेंडेल : तुझे उपकार नकोत मला.

गस : वेग कमी कर. वळताना दिवा लाव.

वेंडेल : आता गाडी चालवायलाही शिकवणार?

गस : लोक असल्याच चुकांनी सापडायचे मला.

वेंडेल : तुझं कुठे आहे? बगलेत?

गस : काय?

वेंडेल : पिस्तूल रे.

गस : घरी, कपाटात.

वेंडेल : का? तुला तर सगळी राज्यं मोकळी.

गस : पोरीच्या लग्नात पिस्तूल कशाला, वेंडेल?

वेंडेल : ...मग मी एकटाच गाढव म्हणायचा.

गस : गाढव आहेसच. नशीबवान गाढव.

वेंडेल : मी नशीबवान? हात तू धरणार, बाप म्हणून पुकारा तुझ्या नावाचा होणार, आणि नशीबवान मी! बरी थट्टा आहे.

गस : सिग्नल लागला, थांब.

वेंडेल : गस. मागे पोलिसांची गाडी आहे.

गस : मी बघितली. मान वळवू नकोस.

वेंडेल : गाडी गल्लीत घालू का?

गस : अजिबात नको. स्टिअरिंग सरळ धर म्हणजे झालं. हिरवा झाला बघ. नीघ, सावकाश.

वेंडेल : ...वळला. डावीकडे वळला तो.

गस : हं. माझाही जीव भांड्यात पडला.

वेंडेल : आपण पोचायच्या आत त्यांनी सुरू केलं तर? छे, तुझ्याशिवाय कसं सुरू करतील! म्हणून तर एवढा ऐटीत बसलायस. बापाशिवाय नवरी थोडीच हलते.

गस : सकाळी मी विचारलं तिला. म्हटलं, पुलावर गर्दी असते, वेंडेल अडकला तर सुरू करायचं का?

वेंडेल : मग?

गस : म्हणाली, ‘डॅड, तुला उशीर झाला तर मी एकटी चालत जाईन. वेंडेल नसेल तर मी जागची हलणार नाही.’

वेंडेल : असं म्हणाली?

गस : अगदी असंच. पूल संपला. ते तुझं स्टॉल्झचं दुकान. जा, पटकन ठेवून ये.

वेंडेल : गस, हे मघाशी चर्चपाशीच सांगितलं असतंस, तर मी भांडलोच नसतो.

गस : जीभ रेटत नव्हती.