हळदीचं कार्ड

—थांबा जळबाभाऊ, ब्रश बुडवू नका, आधी तारीख लिहू द्या, रोजची सवय हाय... ९ मे २००६, मंगळवार. ऊन कडक, वारं न्हाई, लाईट आठपासून गेलेली. हं. रंगवायचीच हाय भिंत, साहेबांचा हुकूम हाय— पण काय पुसून राहिलात ते तरी पाहा! ही कार्डं म्हंजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, मी कापलेल्या. एका कार्डावर एक काम. आमी इथं कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवतो— हिंगोलीत, व्हय, हसा— अन् रोज सकाळी चहा घेऊन समदे या भिंतीम्होरं उभे. ज्यानं त्यानं आपल्या कार्डावर बोट ठेवायचं अन् सांगायचं— काल हे केलं, आज हे करतो, इथं अडलो. लई निकडीचं काम असलं तर कोपऱ्याला हळदीचं बोट. हळद लागलेली नवरी घराबाहेर पडती का? न्हाई. तसं ते कार्ड, काम उरकल्याबिगर भिंतीवरून हलायचं न्हाई.

पण आमचे धम्मानंदसाहेब पुण्याला चार दिवसांच्या ट्रेनिंगला गेले अन् शहाणे होऊन आले. म्हणे, ‘पुंजाजी, कागद चिटकवणं हे मागासपण. समदं कॉम्प्युटरात टाका.’ टाकलं. आता जो तो पडद्यात मुंडकं घालून बसला. हाशिम अन् सरिता, पाठीला पाठ लावून बसणारे— दोघांनी तीन दिवस एकच काम केलं! हजेरीचं! अन् लाईट गेली की साहेबांचा कॉम्प्युटरातला फळा बी झोपला. माझी भिंत कधी झोपली का?

आज बाराला लाईट येती, तवाच शाळेचा माणूस निकालाचा प्रोग्राम न्यायला येणार— अन् त्यात गुणांची बेरीजच न्हाई! ते काम सरिताचं. ती औंढ्याला बहिणीच्या लग्नात होती, तवा साहेबांनी सोता तिच्या नावाचं कार्ड भिंतीवर लावलं होतं; ती परत आली तवर समदं कॉम्प्युटरात गेलेलं. ऐका— आत तिलाच बोलून राहिले, ‘उद्यापासून येऊ नको.’ ती म्हणती, कॉम्प्युटरात हे काम नव्हतंच. साहेब म्हणतेत, बहाणे.

काय? काय मोजून राहिलात? टाचण्या त्रेचाळीस अन् कार्डं बेचाळीस? तुमाला रंगाला बोलावलं का जनगणनेला? पडलं असंल एखादं, पंख्याच्या वाऱ्यानं... बंद हाय पंखा, व्हय. कार्डं पाहून कॉम्प्युटरात टाईप कोणी केलं? मीच केलं. काहून विचारता?

...हे बघा. खिशातच हाय, टाईप न करताच काढून ठेवलेलं. हळद बी तशीच. वाटलं, एकडाव साहेबांची फजिती होऊ द्या, मंग म्हणतील, पुंजाजी, तुमची भिंतच बरी. भिंत गेल्यावर मला काय काम, सांगा? सरिताचं नाव त्याच्यावर हाय हे मला— न्हाई, वाचलं होतं. वाचलंच होतं मी.

माझ्याकडं पाहू नका. तुमी रंग लावा. मी आत जाऊन येतो.

...

सरका जळबाभाऊ, वही घेऊ द्या. बारा वाजून दहा मिनिटं. शाळेचा माणूस रिकाम्या हातानं परत गेला. सरिता कामावर. पुंजाजी कामावरून कमी. भिंत पांढरी.